फेल्ट, चिंध्या आणि रंग : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मागील अंकात लहान मुलांसाठी घरच्या घरी करता येणाऱ्या फेल्टच्या (न विणता, तंतू एकमेकांत घट्ट गुंतवून केलेल्या कापडाच्या), साध्या कापडाच्या आणि रंगकामाच्या वस्तूंविषयी लिहिले होते. त्यानंतर आलेली बहुतेक पत्रे खेड्यांतून आली असून त्यांतील मुख्य अडचण एकच आहे : लेखात सांगितलेले साहित्य जवळपास मिळत नाही आणि मिळाले तरी परवडत नाही. ही अडचण खरी आहे. मी या कलेचे रीतसर शिक्षण घेतलेले नाही; घरातल्या आणि शेजारच्या मुलांबरोबर बसून हौसेने केलेल्या कामातून जे समजले तेच येथे देत आहे. वस्तू कशी करावी याबरोबरच एखादे साहित्य तसे का वागते हेही सांगण्याचा प्रयत्न केला आहे, कारण ते कळले की त्याच्या जागी घरातले दुसरे काय चालेल हे तुम्हाला स्वतःच ठरवता येईल.

प्रश्न : ताई, आमच्या शेतात पऱ्हाटी आहे आणि वेचणीनंतर थोडा कापूस घरात राहतोच. फेल्टचे तुकडे मात्र यवतमाळहून मागवावे लागतात. घरच्या कापसापासून फेल्ट करता येईल का? माझी मुले सहा आणि नऊ वर्षांची आहेत.
— एक गृहिणी, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

कापसापासून फेल्ट होत नाही. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर माशाच्या खवल्यांसारखे अतिशय बारीक पापुद्रे असतात. गरम पाणी, साबण आणि चोळणे यांमुळे हे पापुद्रे एकमेकांत अडकतात, तंतू जवळ ओढले जातात आणि न विणता, न शिवता एक घट्ट थर तयार होतो. कापसाच्या तंतूवर असे पापुद्रे नसतात. तो चपटा आणि पीळ पडलेला असतो. म्हणून त्याचे सूत उत्तम निघते, पण त्याला कितीही चोळले तरी सुकल्यावर तो पुन्हा सुटा होतो. दुकानातील रंगीत फेल्टचे पातळ तुकडेही बहुधा लोकरीचे नसतात. ते पॉलिएस्टरच्या तंतूंत काटेरी सुया सतत खुपसून यंत्रावर केलेले असतात, आणि म्हणूनच त्यांच्यावर गरम इस्त्री थेट फिरवली तर ते वितळतात.

फेल्टचा जो गुण मुलांच्या कामाला हवा असतो तो म्हणजे कापल्यावर कडा न उसवणे. हा गुण जुन्या सुती कापडाला घरीच आणता येतो. एक वाटी मैद्यात पाच ते सहा वाट्या पाणी घालून, गुठळी न होऊ देता, मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत खळ शिजवावी. जुन्या धोतराचे किंवा लुगड्याचे दोन तुकडे घेऊन खालच्या तुकड्यावर खळ सारखी पसरावी, वरचा तुकडा आडवा-उभा धागा बदलून चिकटवावा, हाताने दाबून हवा काढावी आणि फळीवर पसरून कडक उन्हात वाळवावा. असे कापड पुठ्ठ्यासारखे कापले जाते आणि नऊ वर्षांच्या मुलाला त्यातून पान, मासा, चिमणी सहज कापता येते. त्याचे दोष दोन आहेत : ते धुता येत नाही आणि पावसाळ्यात त्याला झुरळे व कसर लागते. पुस्तके बांधणारे कारागीर खळीत मोरचूद घालतात ते याच कारणासाठी, परंतु मोरचूद विषारी आहे आणि मुलांच्या हातातल्या वस्तूत ते कदापि घालू नये. त्यापेक्षा लागेल तेवढीच खळ करावी आणि वस्तू वरचेवर ऊन दाखवून ठेवावी.

जी वस्तू धुवावी लागणार आहे तिच्यासाठी कापड तिरपे कापावे, कारण आडव्या आणि उभ्या धाग्यांना तिरपी गेलेली कड कमी उसवते, आणि त्या कडेवर काजटाका (काजाच्या कडेला घालतात तो टाका) घालावा. मुलांना काजटाका कंटाळवाणा वाटेल अशी भीती अनेक पालकांना वाटते. माझा अनुभव वेगळा आहे, कारण हा टाका दिसतो, आणि स्वतःच्या हाताने घातलेली दिसणारी नक्षी मुलांना फार प्रिय असते. त्यासाठी कापडाच्या रंगाहून वेगळा आणि जाड धागा द्यावा.

खरे फेल्ट हवेच असेल तर घरातला एखादा जुना, शुद्ध लोकरीचा स्वेटर शोधावा. उकळीच्या जवळ आलेल्या साबणाच्या पाण्यात तो मोठ्या माणसाने काठीने ढवळावा, नंतर लगेच थंड पाण्यात घालावा आणि असे काही वेळा करावे, म्हणजे तो आटून इतका घट्ट होतो की कापल्यावर त्याची विण सुटत नाही. मात्र आपल्याकडे हिवाळ्यात विकले जाणारे बहुतेक स्वेटर अ‍ॅक्रिलिकचे असतात आणि ते आटत नाहीत. ओळखण्यासाठी एक धागा काढून चिमट्यात धरून जाळून पाहावा : लोकर केस जळाल्यासारखा वास देते आणि तिची राख बोटात चुरली जाते, तर अ‍ॅक्रिलिक वितळून त्याचा टणक काळा मणी होतो. ही परीक्षा मुलांच्या हाती देऊ नये.

प्रश्न : आमच्या शिवारात दरवर्षी मेंढपाळ उतरतात. त्यांनी कातरलेली थोडी लोकर दिली आहे. तिचे चेंडू करता येतील का?
— एक अंगणवाडी सेविका, सिंदेवाही तालुका, जि. चंद्रपूर

अवश्य करता येतील, आणि मुलांबरोबर करण्यासारखे फेल्टचे काम हेच सर्वांत सोपे आहे. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी आणि बहुधा काळी किंवा करडी असते, म्हणून ती मऊ खेळण्यांपेक्षा चेंडूला अधिक योग्य. कातरलेल्या लोकरीत मेंढीच्या अंगचे तेल, माती आणि कुसळे असतात. प्रथम कुसळे वेचून काढावीत, नंतर कोमट साबणाच्या पाण्यात लोकर न चोळता नुसती बुडवून ठेवावी आणि पाणी दोन-तीनदा बदलावे. येथेच चोळली तर ती धुण्याच्या वेळीच गठ्ठा होऊन बसते. सुकल्यावर बोटांनी किंवा जुन्या दातेरी कंगव्याने ती पिंजून मोकळी करावी.

चेंडूचा गाभा म्हणून चिंध्यांची घट्ट गुंडाळलेली गोळी चालते. तिच्यावर लोकरीचा पातळ थर एकदा आडवा आणि एकदा उभा असा गुंडाळत जावा, म्हणजे तंतू एकमेकांना छेद देतात. हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात साबण विरघळवून चेंडू त्यात बुडवावा आणि सुरुवातीला अगदी हलक्या हाताने, लाडू वळतात तसा वळावा. पहिल्याच क्षणी दाबला तर घड्या पडून भेगा राहतात. पृष्ठभाग धरू लागला की दाब वाढवावा. साधारण अर्धा तास लागतो आणि चेंडू बराच लहान होतो, म्हणून सुरुवात हव्या त्यापेक्षा मोठ्या आकाराने करावी. अंगणवाडीतील मुलांना वळण्याचे काम द्यावे आणि गरम पाणी ओतणे तुमच्याकडे ठेवावे. शेवटी साबण निघून जाईपर्यंत धुऊन चेंडू उन्हात वाळवावा. जाड चेंडू आतून सुकायला दोन दिवस लागू शकतात आणि ओलसर राहिला तर त्याला कुबट वास येतो.

प्रश्न : तान्ह्या पोळ्याला माझ्या मुलाचा लाकडी नंदी आम्हाला घरीच सजवायचा आहे. नंदी जुना आहे, माझ्या वडिलांच्या वेळचा. घरात खिडक्यांना लावलेला तैलरंगाचा अर्धा डबा बऱ्याच वर्षांपासून पडून आहे, तो वापरावा का? आणि झूल कशी शिवावी?
— एक शेतकरी वडील, काटोल तालुका, जि. नागपूर

हा प्रश्न मला सर्वांत आवडला. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते की, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे मुले चाकांवरचा लाकडी नंदी सजवून दारोदार नेतात आणि घरोघरून त्यांना बोजारा, म्हणजे पैसे किंवा खाऊ, मिळतो. ज्याच्या नंदीची झूल स्वतः शिवलेली आहे अशा मुलाचा त्या दिवशीचा रुबाब पाहण्यासारखा असतो.

रंगाविषयी आधी. तो जुना डबा वापरू नका. घरगुती आणि सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे, असा नियम आपल्या देशात २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या तैलरंगांत, विशेषतः पिवळ्या, नारिंगी आणि लाल छटांत, शिसे पुष्कळ असू शकते. शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीला अपाय करते, आणि नंदीची शिंगे धाकट्या भावंडाच्या तोंडात जाणार हे गृहीत धरूनच रंग निवडला पाहिजे. तुमचा नंदी वडिलांच्या वेळचा असल्याने त्यावरचा मूळ रंगही शिशाचा असण्याची शक्यता आहे. म्हणून तो कोरड्या पॉलिशपेपरने घासू नये, कारण धूळच अधिक घातक ठरते. रंग सुटत नसेल तर ओल्या फडक्याने पुसून, वाळवून, त्यावर पाण्यात मिसळणाऱ्या अ‍ॅक्रिलिक रंगाचे दोन हात द्यावेत. रंगाचे पोपडे सुटत असतील तर लाकूड चांगले ओले करून मोठ्या माणसाने, मुले दूर असताना, अंगणाच्या कडेला पोपडे काढावेत आणि ते कागदात गोळा करून टाकावेत. नुसती गेरू-चुन्याची रंगत हवी असेल तर गेरू बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात कालवावा, म्हणजे सुकल्यावर हाताला लागत नाही. चुना मात्र मुलांना कालवू देऊ नये. डोळ्यात गेल्यास तो गंभीर इजा करतो.

आता झूल. नंदीच्या पाठीवर वर्तमानपत्राचा कागद टाकून, मानेपासून शेपटीपर्यंतची लांबी आणि दोन्ही बाजूंनी पोटाच्या खालच्या रेषेपर्यंतची रुंदी बोटाने दाबून घ्यावी आणि त्या खुणांवरून कागद कापावा. वशिंडाच्या जागी कागदाला एक चीर देऊन तिची एक कड दुसरीवर सरकवली की कागद वशिंडावर नीट बसतो. ही सरकवलेली जागा कापडात तशीच शिवायची असते. बहुतेक घरगुती झुली वशिंडावर ताणतात आणि मागे उचलल्या जातात त्याचे कारण ही चीर न घेणे हेच आहे. कागद अंगावर नीट बसल्यावरच कापडाला हात लावावा. जुन्या पैठणीचा किंवा नऊवारीचा काठ झुलीच्या कडेला लावला तर वेगळी कड दुमडावी लागत नाही. आतून मांजरपाटाचे अस्तर द्यावे. आरशाची भिंगे हवीशी वाटतील, पण काचेऐवजी चमकीचा कागद पुठ्ठ्यावर चिकटवून तो शिवणे मुलांसाठी योग्य आहे.

गोंडे मुलाकडूनच करून घ्या. चार बोटांवर धागा तीस-चाळीस वेढे गुंडाळावा, मधोमध दुसऱ्या धाग्याने करकचून बांधावा, दोन्हीकडचे फासे कापावेत आणि कात्रीने गोल भादरावे. आठ वर्षांचे मूल एका दुपारी असे पुष्कळ गोंडे करते. ते थोडे वेडेवाकडे झाले तरी पालकांनी रात्री उठून ते दुरुस्त करू नयेत, ही माझी कळकळीची विनंती आहे. मुलाला सकाळी ते ओळखू येते.

प्रश्न : नातवासाठी कापडी हत्ती शिवते आहे. तो वर्षाचा आहे. आत घरचा सरकीसकट कापूस भरला तर चालेल का, आणि डोळ्यांना जुन्या सदऱ्याची बटणे लावू का?
— एक आजी, हिंगणघाट तालुका, जि. वर्धा

आजी, दोन्ही गोष्टी टाळाव्यात असे मी नम्रपणे सुचवते. वेचलेल्या कापसात वजनाने साधारण दोन तृतीयांश सरकीच असते. सरकीमुळे हत्ती टणक आणि गाठाळ होतो, उंदरांना तिचा वास लागतो, आणि गुलाबी बोंडअळी सरकीच्या आत दडून राहू शकते. शिवाय कापूस साठवलेल्या खोलीत अंगाला खाज सुटते हा आपल्याकडचा नेहमीचा अनुभव आहे. तोच कापूस बाळाच्या नाकाशी नको. सरकी काढलेली रुई दोन दिवस कडक उन्हात पसरून, गादी भरणाऱ्याकडून किंवा हाताने पिंजून घ्यावी आणि बोटभर गोळे करून कोपऱ्यांपासून भरत यावे. सोंडेत आणि पायांत पेन्सिलीच्या बोथट टोकाने ती घट्ट सारावी. रुईचा हत्ती भिजला की आत गोळे होतात, म्हणून पोटाला आतली वेगळी पिशवी शिवून वरचे आवरण उसवून धुता येईल असे ठेवले तर अनेक वर्षे टिकतो. काटेसावरीचा कापूस हलका आणि पाणी न धरणारा असतो, पण भरताना फार उडतो. तो अंगणात, नाकाला पदर बांधून भरावा आणि त्यासाठी दाट विणीचेच कापड घ्यावे.

बटणाऐवजी डोळे काळ्या धाग्याने भरावेत. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांतील लहान भाग घशात अडकण्याचा धोका तपासण्यासाठी जे मापाचे नळकांडे वापरतात त्याचा व्यास सुमारे ३२ मिलिमीटर असतो. त्यात पूर्णपणे मावणारी कोणतीही सुटी होणारी वस्तू इतक्या लहान मुलाच्या खेळण्यावर नसावी. मणी, घुंगरू, टिकली, बटण हे सारे त्यात मावते. भरून काढलेला डोळा सुटत नाही, आणि हत्तीच्या मुखावर जो प्रेमळ भाव आजीच्या टाक्याने येतो तो बटणाने येत नाही.

प्रश्न : ताई, मी नववीत आहे. मैत्रिणीच्या वाढदिवसाला टी-शर्टवर पोस्टर कलरने मोर काढून दिला. पहिल्याच धुण्यात सगळा मोर गेला. काय करायला हवे होते?
— एक विद्यार्थिनी, मोर्शी, जि. अमरावती

पोस्टर कलर पाण्यात विरघळतच राहतो, सुकल्यावरही. कापडासाठीच्या रंगात अ‍ॅक्रिलिकचा असा बंधक असतो की तो सुकल्यावर तंतूभोवती पातळ पडदा धरतो आणि मग पाण्यात विरघळत नाही. म्हणून डबीवर फॅब्रिक कलर असे लिहिले आहे ना, ते पाहा. टी-शर्ट नवा असेल तर आधी धुऊन घे, कारण नव्या कापडावरची खळ रंगाला तंतूपर्यंत पोहोचू देत नाही. दोन्ही थरांमध्ये पुठ्ठा घाल, म्हणजे मोर पाठीवर उमटणार नाही. रंगात पाणी जपून घाल. फार पातळ झाला की तो रेषेबाहेर पसरतो आणि बंधकही विरळ होतो. काढून झाल्यावर एक दिवस पूर्ण सुकू दे आणि मग कापड उलटे करून, मागच्या बाजूने, वाफ न देता, काही मिनिटे इस्त्री फिरव. लोडशेडिंगमुळे विजेची इस्त्री जमली नाही तर कोळशाची चालते. इस्त्री अजिबातच नसेल तर डबीवर दिलेले दिवस थांबून मगच पहिल्यांदा धू, तेही थंड पाण्यात आणि उलटे करून. आणखी एक : एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडच्या उन्हात रंग ब्रशवरच वाळतो. सकाळी लवकर बस आणि झाकणात एका वेळी थोडाच रंग काढ.

तुझा मोर आता कागदावर पुन्हा काढून ठेव. चांगले चित्र दुसऱ्यांदा अधिक सफाईने येते.

प्रश्न : मुलांच्या हाती कात्री आणि सुई कोणत्या वयात द्यावी?
— एक आई, पुसद, जि. यवतमाळ

गोल टोकाची कात्री चार-पाच वर्षांपासून, शेजारी बसून; जाड बोथट सुई आणि सैल विणीचे पोते किंवा तरटाचा तुकडा पाच-सहा वर्षांपासून; नेहमीची सुई मूल सुया मोजून परत डबीत ठेवू लागले की.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. रंगांसाठी वेगळी तरतूद नाही. फाल्गुनात आमच्या गावाभोवती पळस फुलतो. त्याच्या रंगाने मुलांकडून कापडी पिशव्या रंगवून घेता येतील का? आम्ही गेल्या वर्षी रंगवल्या, पण त्या महिन्याभरात फिक्या झाल्या.
— एक शिक्षक, आरमोरी तालुका, जि. गडचिरोली

सर, तुमच्या भागात रंगांची जी संपत्ती आहे ती शहरातल्या कोणत्याही दुकानात नाही, म्हणून या उत्तराला थोडी अधिक जागा घेते.

नैसर्गिक रंग सुती कापडावर थेट टिकत नाहीत, कारण कापसाच्या तंतूला त्यांची ओढ कमी असते. मध्ये दोघांनाही धरणारे काही लागते. ते काम तुरटी करते, आणि तुरटी सुतावर नीट बसावी यासाठी आधी हिरड्यातील तुरट द्रव्य लागते. कापड धुण्याच्या सोड्यात उकळून खळ काढून टाकावी. १०० ग्रॅम कापडाला सुमारे २० ग्रॅम हिरड्याची पूड कोमट पाण्यात भिजवून कापड त्यात तासभर बुडवावे आणि पिळून, न धुता, उन्हात वाळवावे; ते फिकट पिवळसर दिसेल. नंतर १५ ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून कापड त्यात काही तास ठेवावे आणि पुन्हा वाळवावे. पळसाची वाळलेली फुले कापडाच्या वजनाइतकी घेऊन रात्रभर भिजवावीत, सकाळी अर्धा तास मंद उकळावीत, गाळावीत आणि त्या पाण्यात कापड अर्धा-पाऊण तास गरम ठेवून थंड होईपर्यंत त्यातच राहू द्यावे. भांडे स्टीलचे घ्यावे. लोखंडी कढईत हिरड्याचा रंग काळवंडतो. एवढे करूनही पळसाचा पिवळा-नारिंगी रंग उन्हात हळूहळू उतरतो, हा त्याचा स्वभावच आहे, तेव्हा पिशव्या सावलीत वाळवाव्यात आणि साबणाऐवजी रिठ्याने धुवाव्यात.

टिकाऊ रंग हवा असेल तर हिरडा आणि लोखंड यांचा काळा घ्यावा. गंजलेले खिळे, नाल, पत्र्याचे तुकडे मातीच्या मडक्यात घालून त्यावर पाणी आणि गूळ घालावा आणि तोंडाला फडके बांधून दोन-तीन आठवडे सावलीत आंबू द्यावे. हे पाणी गाळून, थोड्या चिंचोक्याच्या खळीने दाट करून, हिरडा दिलेल्या कापडावर ब्रशने रेष ओढली की ती डोळ्यांदेखत राखाडी आणि मग काळी होते. वर्गातील मुलांना हा क्षण फार आवडतो, आणि लोह व हिरड्यातील द्रव्य यांच्या संयोगाचा विज्ञानातील धडा तिथेच शिकवून होतो. हे पाणी फार तीव्र असेल तर सूत कमजोर होते, म्हणून रेष काढून वाळल्यावर कापड भरपूर पाण्यात धुवावे.

लहान वर्गांसाठी विस्तवाशिवायचा एक प्रयोग सुचवते. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या फडक्यावर अंगाच्या साबणाच्या दाट पाण्यात बुडवलेल्या काडीने चित्र काढले की लाल रेषा उमटतात, आणि त्यावर लिंबाचा रस लावला की त्या पुन्हा पिवळ्या होतात. हळद आणि चुन्यापासून कुंकू होते ते याच गुणामुळे. हे फडके टिकाऊ नाही, उन्हात हळदही उडते. पण पहिली-दुसरीच्या मुलांना ते पुन्हा पुन्हा करावेसे वाटते. सागाचे कोवळे पान तळहातावर चोळले की लाल होते हे तुमच्या मुलांना आधीच ठाऊक असेल, तेव्हा सुरुवात त्यांच्या या माहितीपासूनच करावी.

एका गोष्टीवर मात्र कठोर राहावे. रंग कालवायला कीटकनाशकाच्या रिकाम्या बाटल्या, त्यांची मापाची झाकणे किंवा त्या डब्यांतील चमचे शाळेत येऊ देऊ नयेत, कितीही धुतलेले असले तरी. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेल्या विषबाधेने किती घरे उद्ध्वस्त झाली हे आपण सर्वांनी पाहिले आहे. नारळाच्या करवंट्या या कामाला उत्तम.

शक्य झाल्यास मुलांची एक सहल वर्ध्याच्या मगन संग्रहालयात न्यावी. ग्रामोद्योगांचे हे संग्रहालय १९३८ साली गांधीजींच्या हस्ते उघडले गेले. त्याच्या आदल्याच वर्षी, १९३७ मध्ये, वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेत हस्तोद्योगाला शालेय शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवण्याचा विचार मांडला गेला होता. तुम्ही पळसाच्या फुलांनी जे करू पाहता ते त्याच विचाराच्या अगदी जवळचे आहे.

प्रश्न : आमच्या बचत गटातील बाया फेल्टच्या आणि कापडाच्या बाहुल्या छान करतात. तालुक्याच्या प्रदर्शनात त्या विकायला ठेवाव्यात का? कोणी म्हणते परवाना लागतो.
— महिला बचत गट, साकोली तालुका, जि. भंडारा

म्हणणारे बरोबर सांगत आहेत. घरातल्या मुलासाठी बाहुली करणे आणि ती खेळणे म्हणून विकणे यांत कायद्याने फरक आहे. १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांसाठी १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक ब्यूरोचे प्रमाणन बंधनकारक झाले असून, त्यासाठीचे मानक आयएस ९८७३ या क्रमांकाने ओळखले जाते. कापडी खेळण्यांनाही ते लागू आहे. मात्र विकास आयुक्त (हस्तशिल्प) यांच्या कार्यालयाकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी स्वतः केलेल्या आणि विकलेल्या वस्तूंना यातून सूट दिलेली आहे. त्यामुळे गटातील ज्या बाया हे काम सातत्याने करणार आहेत त्यांनी प्रथम कारागीर म्हणून नोंदणी करून घ्यावी. ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या तालुका कक्षात त्याविषयी विचारावे. मानकाविषयीची माहिती ब्यूरोच्या नागपूर येथील शाखा कार्यालयातून मिळू शकेल.

नोंदणी होईपर्यंत गटाने बाहुल्या बाजूला ठेवून दारावरची तोरणे, रुखवतात मांडायच्या कापडी वस्तू, कापडी पिशव्या आणि नक्षीचे रुमाल करावेत. ती खेळणी नव्हेत. तुमच्या भागात टसरचा, म्हणजे रानरेशमाचा, कोसा होतो, त्याचाही उपयोग करावा. पतंग बाहेर पडल्यामुळे छिद्र पडलेले, सलग धागा न निघणारे कोसे स्वस्तात मिळतात. ते कात्रीने पाकळ्यांसारखे कापून तोरणात गुंफले तर त्यांचा मूळचा मातकट सोनेरी रंगच इतका सुंदर दिसतो की वेगळा रंग द्यावा लागत नाही. कोसा कडक असतो, म्हणून कापण्यापूर्वी गरम पाण्यात थोडा धुण्याचा सोडा घालून तो मऊ करून घ्यावा आणि ओला असतानाच पाकळ्यांना बाक द्यावा. किंमत ठरवताना कापड-धाग्याचा खर्च तर धराच, पण एका तोरणाला किती तास लागले ते वहीत लिहून तुमच्या गावच्या मजुरीच्या दराने तेही धरा. बहुतेक गट हे तास धरत नाहीत आणि प्रदर्शन संपल्यावर हाती काहीच उरत नाही.